खाडी आली की

वसई पश्चिमेकडच्या एका गावातून आलेलं हे पत्र. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

लिहिणारी अडतीस वर्षांची आहे, फोर्टमधल्या एका शिपिंग एजन्सीत अकाउंट्स बघते. सकाळी सात-बत्तीसची फास्ट, चर्चगेटला उतरून चालत ऑफिस, परतून घरी साडेआठ. नवरा शिफ्टमध्ये, मुलं आठवीत आणि चौथीत. घरात सासूबाई, वय बहात्तर, रोज सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवत नाहीत. रात्री नऊला घरी रोझरी, म्हणजे माळेवरची पाच टप्प्यांची प्रार्थना, होते (एकेका टप्प्याला रहस्य म्हणतात) आणि ही दुसऱ्या रहस्यापर्यंत बसल्या जागी पेंगते. गेल्या महिन्यात धाकटी खुदकन हसली आणि म्हणाली, "मम्मी झोपली." सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आम्ही वाडीत राबून यायचो, तरी रोझरी चुकली नाही." ते वाक्य हिला लागलं. त्याआधी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पहाटे पावणेपाचचा गजर लावून बायबल वाचायचं ठरवलं होतं. अकरा दिवस जमलं, बाराव्या दिवशी ताप आला. "देवासाठी माझ्याकडे दिवसातली दहा मिनिटंही उरत नाहीत. लहानपणीची श्रद्धा विहिरीच्या पाण्यासारखी खाली खाली चाललीय," असं ती लिहिते. गावाजवळच्या शाळेत क्लार्कची जागा आहे, पगार निम्मा. ही नोकरी सोडून ती धरावी का, हा तिचा मुख्य प्रश्न. शेवटी ताजा कलम: ऑफिसात ख्रिस्ती ती एकटीच, डबा उघडताना क्रुसाची खूण करायला संकोच वाटतो. आणि जाता जाता असंही लिहिलंय, की महिनाअखेरीला ती "सगळ्यांवर खेकसते".

*

पत्रात तू मला मावशी म्हटलंयस, तेव्हा अगंतुगंच करते.

आधी झोपेचं बघू, कारण तुझं सगळं पत्र त्या एका "मम्मी झोपली"भोवती फिरतंय. पहाटे साडेपाचला उठून चार डबे भरणारी, जाऊन-येऊन अडीच तास लोकलमध्ये उभी राहणारी बाई रात्री नऊला पंख्याखाली बसली, आणि त्याच चालीत तेच शब्द पन्नासदा कानावर आले, तर ती झोपणार नाही तर काय करणार? फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा कार्मेल मठातली संन्यासिनी. १८९७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी गेली. तिने स्वतःच लिहून ठेवलंय, की सात वर्षं प्रार्थनेच्या वेळी तिला झोप लागायची. पण त्याचा घोर तिने लावून घेतला नाही. लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापाला सारखंच लाडकं, असा तिचा साधा हिशेब होता. आणि तिला तर विरार लोकलही नव्हती.

दुसरा बायबलमधला एलिया. राणीच्या धमकीला घाबरून तो संदेष्टा रानात पळाला, एका झुडपाखाली आडवा झाला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देवदूत आला, पण त्याने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. एलियाने खाल्लं आणि तो परत झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला तोही भाकर घेऊनच. देव त्याच्याशी बोलला तो पुढे चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आधी झोप, मग जेवण, मग बोलणं, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. तू पावणेपाचचा गजर लावून तो उलटा करायला गेलीस. बाराव्या दिवशीच्या तापाला मी तरी अपयश म्हणणार नाही.

आता सासूबाईंचं वाक्य. ते खोटं नाही, पण त्यात एक गोष्ट सांगायची राहून गेलीय, आणि ती त्यांच्या कदाचित लक्षातही नसेल.

माझं माहेरही तुमच्याच बाजूचं. आमची वाडी होती, केळी आणि पानवेली. विहिरीवर रहाट, रहाटाला एक म्हातारा बैल. दुपारी बाराला चर्चची घंटा व्हायची. ती ऐकू आली की बाबा बैलाच्या पाठीवर हात ठेवायचे, तो आपोआप थांबायचा. आई पानवेलीच्या वाफ्यातून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मातीचे हात पदराला पुसून क्रुसाची खूण करायची. देवदूताने मरियेला निरोप दिला त्याची ती छोटी प्रार्थना, दिवसातून तीनदा, सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. घंटेचा शेवटचा टोला हवेत विरायच्या आत ती म्हणून व्हायची आणि रहाट परत कुरकुरायला लागायचा. मी लहान होते. मला वाटायचं, बैलालाही ती प्रार्थना येते.

रोझरीचंही तसंच. फुलं आणि भाजी घेऊन दादरच्या बाजाराला जायचं तर पहाटेची गाडी धरावी लागे. डब्यात टोपल्यांवर टोपल्या, बायका त्यांना टेकून बसलेल्या. एकीने सुरुवात करायची, चौघींनी उत्तर द्यायचं, दोघी घोरत असायच्या. घोरणाऱ्यांना कुणी काही बोलत नसे. दहिसर गेलं की एखादी दचकून उठायची आणि नेमक्या जागी "आमेन" म्हणायची.

हे मी गोड आठवण म्हणून सांगत नाही. त्या दिवसांत कष्ट होते, कर्ज होतं, आणि आमच्या घरात दारूही होती. मुद्दा वेगळा आहे. माझ्या आईने देवासाठी "वेळ काढला" असं मला आठवत नाही. वेळ काढणं हा शब्दप्रयोगच तिला कळला नसता. आठवण ठेवायचं काम तिच्या डोक्यावर नव्हतंच, ते गावाकडे होतं. घंटा वाजायची, शेजारची हाक मारायची, कुणाच्या तरी घरून रोझरीचा आवाज यायचा. तुझ्या सासूबाईंनाही त्याच घंटेने सांभाळलंय. तू मात्र सकाळी साडेसातला त्या घंटेच्या टप्प्याबाहेर जातेस आणि रात्री ती वाजून गेल्यावर येतेस. दिवसभर देवाची आठवण एकट्या डोक्याने ठेवायची, तीही जीएसटी, बिल ऑफ लेडिंग आणि मुलांची परीक्षा त्याच डोक्यात असताना. ही सवय तुझ्या आधीच्या कुठल्याच पिढीला नव्हती. तेव्हा दोघींची तुलना थांबव. किंवा मग नीट कर: त्यांना एकदा जवळ बसून विचार, "आई, तुम्ही माझ्या वयाच्या असताना नेमकी कधी प्रार्थना करायचात?" उत्तरात चूल, विहीर आणि गाडी येईल, बघ.

म्हणजे तुला जागोजागी स्वतःची घंटा टांगावी लागणार. नवा वेळ काढायचा नाही, दिवसात आधीच असलेली एखादी खूण घंटा म्हणून ठरवायची.

एक तर तुझ्या वाटेवर रोज वाजतेय. नायगाव सुटलं की खाडी लागते. एक पूल, मधे पाणजू बेट, मग दुसरा पूल. रुळांचा आवाज बदलतो, पोकळ होतो, दारातून एकदम गार वारा आत येतो, दारातल्या बायका केस सावरतात. कुणी निर्माल्याची पिशवी भिरकावते. (बेटावरच्या लोकांना ती लागते, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.) भाईंदरची गर्दी चढेपर्यंत ती दोन-चार मिनिटं डब्यात जरा शांतता असते. मी बँकेत होते तेव्हा एकतीस वर्षं ह्याच पुलावरून गेले, आणि त्यातली निदान वीस वर्षं ती खाडी नुसती ओलांडली. पुढे कधीतरी ती माझी बाराची घंटा झाली. सकाळी आवाज बदलला की एवढंच म्हणायचं: प्रभू, आज मला जी माणसं भेटणार आहेत, त्यांत तू आहेस. आणि एका माणसाचं नाव घ्यायचं. देवाला लांबलचक यादी द्यायची नाही. ज्याच्याशी आज कठीण जाणार आहे, असा एकच. डोळे मिटायला नकोत, माळही काढायला नको. एका हाताने वरची कडी धरलेली असते, दुसऱ्या हाताला पाच बोटं असतातच.

परतीच्या खाडीवर मागे बघायचं. जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाने आपल्या लोकांना दिवसातून दोनदा मनाची झडती घ्यायला लावली होती, दुपारी आणि रात्री. पापांची वही भरायची असा त्याचा कोरडा अर्थ लोक लावतात, पण सुरुवात उपकार मानण्यापासून होते. तुला पुलावर जमेल इतकंच सांगते. आज कुठे मन भरून आलं? कुठे मन आखडलं? दोन प्रश्न, दोन उत्तरं. मन आखडलं तिथे कुणाला दुखावलं असेल तर उद्या काय करायचं, ते ठरवून टाक, आणि पूल संपला की सोडून दे. मग खुशाल मटार सोलायला घे.

ह्याच इग्नेशियसचं अजून एक सांगते, तुला उपयोगी पडेल. १५५१च्या जून महिन्यात त्याने आपल्या सचिवाकरवी एका पत्राचं उत्तर पाठवलं. प्रश्न होता, शिकत असलेल्या तरुण ब्रदरांनी ध्यान किती वेळ करावं. उत्तर असं की अभ्यासाने दमलेल्या पोरांना लांब ध्यानं झेपणार नाहीत. त्यापेक्षा त्यांनी बोलताना, चालताना, बघताना, चाखताना, ऐकताना, जे काही करतील त्यात देवाला शोधायचा सराव करावा. हा सल्ला संसारी माणसांना दिलेला नाही, व्रतं घेतलेल्यांना दिलाय. आपण मात्र व्रतस्थांनाही न लावलेला नियम स्वतःला लावून घेतो आणि मग रडतो.

दुपारची घंटा म्हणजे तुझा डबा. संकोचाचं लिहिलंयस, तो मला समजतो. चार जणींच्या टेबलावर एकटीने कपाळाला हात लावायचा म्हणजे सगळ्या बघणार, असं वाटतं. करायचीच असा नियम नाही. झाकण उघडताना मनातल्या मनात "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हटलंस तरी देवाला पोचतं. पण संकोच नेमका कशाचा आहे, हे एकदा तपासून बघ. आपण धार्मिक दिसू ह्याचा, की धार्मिक दिसून पुन्हा महिनाअखेरीला खेकसू ह्याचा? दुसरं असेल तर त्या संकोचात प्रामाणिकपणा आहे, त्याच्याकडे पुढे येते. पहिलं असेल तर आपल्याच गाडीतल्या पुरुषांच्या डब्यात टाळ वाजवत भजनं चालतात ते आठव. आपल्या बायकांच्या डब्यात हळदीकुंकू होतं, नवरात्राचे नऊ रंग होतात. आपल्याकडे कुणी जेवणाआधी हात जोडले तर लोकांना त्याचं काही वाटत नाही. तुझ्या टेबलावरची एखादी सोमवारचे उपास करत असेल, एखादी रोजे ठेवत असेल. त्यांना तुझी खूण तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

तीन झाल्या: खाडी, डबा, खाडी. चौथी नको. मी उत्साही बायका बघितल्यात, फोनवर दर तासाला गजर लावतात, लिफ्टला एक प्रार्थना, झेरॉक्स मशीनला एक. तीन आठवड्यांत सगळं बंद पडतं आणि वर अपराधीपणा येतो. आणि फोनवर भरवसा ठेवू नकोस. दिवसाचं वचन वाचायला उघडलेला फोन दोन मिनिटांत सोसायटीच्या पाणीपट्टीवर जातो. सूर्योदयाच्या चित्रावर छापलेलं वचन चौदा ग्रुपवर पाठवलं की प्रार्थना झाली, असं वाटणाऱ्यांत माझी सख्खी बहीणही आहे. तिला हे वाचून राग येणार आहे.

ठरवून न करता येणारी मात्र एक प्रार्थना आहे. बायबलमधला नहेम्या हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे नोकरदारच म्हण. राजाने विचारलं, तुला काय हवंय? शास्त्रात पुढचं वाक्य आहे की त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, आणि लगेच त्यापुढे, राजाला उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तर ह्यांच्या मधली ती प्रार्थना किती लांब असणार? एक श्वास. राजासमोर गुडघे टेकता येत नव्हते. साहेबाने केबिनमध्ये बोलावलं, ऑडिटरने फाइल पुढे सरकवली, की तो एक श्वास तुझाही आहे.

आता ते खेकसणं. तू ते ताजा कलमात ढकललंयस, मी ते मधे आणून ठेवते.

तुझ्या पत्रात श्रद्धा म्हणजे प्रार्थनेचा वेळ, आणि ऑफिस म्हणजे तो वेळ खाणारी जागा, असा सरळ भाग पाडलेला आहे. ह्याला उत्तर म्हणून लोक हमखास "काम हीच पूजा" म्हणतात. मला ते वाक्य आवडत नाही. फार सोयीचं आहे. काम हीच पूजा म्हटलं की रविवारचीही मिस्सा सुटते आणि वरून काम कसं केलं हेही कुणी विचारत नाही. मला माझा स्वतःचा धडा मिळाला तो काउंटरवर. पेन्शनची पहिली तारीख, रांग दारापर्यंत. माझ्या ड्रॉवरमध्ये येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र असायचं. बाराला मी ड्रॉवर अर्धा उघडून दोन मिनिटं मान खाली घालायची, न चुकता. मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी काचेपलीकडे एक आजोबा उभे होते, हातात पासबुक, सही जुळत नव्हती. मी त्यांना दोनदा परत पाठवलं होतं, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. मग बारा वाजले आणि मी ड्रॉवर उघडला. मान वर केली तर ते तिथेच. म्हणाले, "बाई, देवाशी बोलून झालं असेल तर आता माझ्याशी बोला." टोमणा नव्हता त्यात. ते खरंच थांबले होते, मला व्यत्यय नको म्हणून. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. त्यांची सही जुळत नव्हती कारण हात थरथरत होता. मी त्यांच्याकडे एकदाही नीट बघितलंच नव्हतं. मी उठून साहेबाकडे गेले, अंगठ्याचा ठसा घ्यायची सोय होती, ती करून दिली. सात मिनिटांचं काम होतं.

त्यानंतर मी ड्रॉवर बंद केला असं नाही. बाराची प्रार्थना चालूच ठेवली. फक्त त्यानंतर रांगेतल्या पहिल्या माणसाचा चेहरा बघायचा, मगच पासबुक घ्यायचं, एवढं जोडलं.

तुझ्याकडे महिनाअखेर आहे. खेकसणं बहुधा एकाच कुणावर जास्त होत असणार, सहसा सगळ्यात नव्या पोरावर होतं. सकाळच्या खाडीवर पंचवीस तारखेपासून त्याचंच नाव घेत जा. आणि खेकसलीस तर त्याच दिवशी, लोक ऐकतील अशा आवाजात, "मघाशी मी चुकले" म्हण. क्रुसाच्या खुणेपेक्षा हे अवघड आहे. पण एकदा हे केलंस की ती खूण करायचा संकोच अर्धा उतरेल, असं मी अनुभवाने सांगते.

घरच्या रोझरीचं सोपं आहे, फक्त सासूबाईंशी बोलायला हवं. नऊचा नियम काही पोपने घातलेला नाही. मुलांना आणि त्यांना चार रहस्यं तू यायच्या आधी म्हणू देत, पाचवं तुझ्यासाठी राखून ठेवायला सांग. तू आलीस, हातपाय धुतलेस, जेवायला बसायच्या आधी ते एक रहस्य तू स्वतः चालव. उत्तर देणाऱ्याला झोप लागते, चालवणाऱ्याला नाही. उभ्याने म्हण, हवं तर ओट्याशी. धाकटीला सांग, तू पेंगायला लागलीस तर तिने तुला हलवायचं, ती तिची ड्यूटी. सासूबाईंना हे पचेल का? मला वाटतं पचेल. सुनेला देव नको झालाय ही भीती त्यांच्या त्या वाक्यामागे असणार. तू स्वतःहून एक रहस्य मागितलंस तर ती जाईल.

पहाटेचं वाचन सोड. येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असं शुभवर्तमानात मार्क सांगतो, आणि दर उपवासकाळात आपल्याला ते ऐकवलं जातं. पण तोच मार्क पुढे सांगतो की शिष्यांना येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना रानात येऊन थोडा विसावा घ्या म्हटलं. दोन्ही त्याचंच आहे. वाचायची भूक खरी असेल तर आठवड्यातून एकदा, रविवारी. मिस्सेला पहिल्या घंटेला निघून दुसऱ्या वाचनाला पोचायचं ही आपली रीत. त्याऐवजी वीस मिनिटं आधी जाऊन बस आणि त्या दिवसाचं शुभवर्तमान आधी स्वतः वाच. आठवडाभर तीच एक गोष्ट डोक्यात घोळव. आपली आईबापं एका गोष्टीवर महिनाभर जगायची.

मैत्रीण माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाला (नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला) चल म्हणत असेलच, तुमच्या डब्यातल्या निम्म्या बायका दर बुधवारी तिथे जातात. १९४८पासून ती गर्दी चालू आहे आणि तिथे मेणबत्ती लावणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे कुणी मोजत नाही. जरूर जा, पण ओढीने जा. नऊ बुधवारांचा नवा हप्ता आधीच्या हप्त्यांवर चढवायला जाऊ नकोस.

राहिली नोकरी. शाळेतली जागा धर किंवा धरू नकोस, पण देवाच्या नावावर हा व्यवहार करू नकोस. मुलांना वेळ हवा म्हणून, पाठ दुखते म्हणून, नवऱ्याची शिफ्ट बदलत नाही म्हणून ती जागा घेणार असशील तर ती चांगली कारणं आहेत. घरी बसून पगाराचं गणित मांड आणि ठरव. पण "तिकडे गेले की प्रार्थना होईल" हे कारण असेल तर थांब. शाळेतही पट भरायचा असतो, तिथेही मुख्याध्यापक असतात आणि निकालाचे दिवस असतात. पॅरिसच्या कार्मेल मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा माणूस स्वयंपाकघरात भांडी-चुलीवर होता. मठातच होता तरी त्याला ते काम मुळीच आवडायचं नाही. देवाची सोबत त्याला शेवटी त्याच नावडत्या भांड्यांच्या खडखडाटात सापडली, आणि लोक त्याच्याकडे सल्ल्याला यायला लागले. निम्म्या पगारावर गेल्यावर तिथेही मन तसंच राहिलं, तर तू पगाराचं दुःख आणि देवाचं दुःख दोन्ही एकत्र करशील. खाडीवर तीन महिने काढ. मग ठरव.

ह्याच विषयावर अहिल्यानगर, पुणे, मिरजेकडूनही पत्रं येतात. त्यांत हॉस्पिटलातल्या सिस्टर आहेत, रात्रपाळीच्या. त्यांच्या प्रोटेस्टंट मंडळीत रोझरी नसते, घरची उपासना आणि गीतं असतात. त्यांनी एका आठवड्याला एका गीताचं एकच कडवं धरावं, आणि वॉर्डच्या दारातून आत जाताना ते मनात म्हणावं. तिथे दार हीच घंटा. एका डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने लिहिलंय की सिग्नलला लाल दिवा लागला की तो "प्रभू, दया कर" म्हणतो, आणि हिरवा झाला की आमेन. त्याला माझ्याकडून सांगण्यासारखं काही नाही. फक्त हेल्मेट घाल, बाबा.

तुला सोमवारपासून सुरू करायचं असेल तर सोमवारची वाट बघू नकोस, उद्याचीच सात-बत्तीस बघ. खिडकी मिळणार नाही, ते मला माहीतच आहे. तिघींच्या खांद्यांमागे उभी असशील. पण ओहोटी असली की चिखलाचा वास आत येतो आणि रूळ पोकळ वाजायला लागतात. नाव कुणाचं घ्यायचं, ते तू चढायच्या आधी ठरवून ठेव. पूल फार लांब नाही.